चंपतरावांची रिकामी बंडी

चंपतराव बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक कसं भिजवत, ते आधी सांगतो. बाकीचं सगळं त्या चाकापाशीच घडलं.

उन्हाळ्यात लाकूड सुकतं. चाकाचं लाकूड आकसलं की वर बसवलेली लोखंडी धाव ढिली होते. ढिली धाव आधी वाजते, मग सरकते, आणि एक दिवस चाक पुढं जातं अन् धाव रस्त्यात पडून राहते. म्हणून वैशाखात लांब जायचं तर आधी चाकं भिजवायची. नाल्याला पाणी असेल तर नाल्यात बुडवायची. नसेल तर बारदान गुंडाळून वरून घागरींनी पाणी घालायचं. लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. बहुतेक लोक चार घागरी ओततात आणि झालं म्हणतात. चंपतराव एकेका चाकाला वीस घागरी घालत, अर्धी अर्धी करून, कारण एकदम ओतलेलं पाणी लाकूड पीत नाही, वाहून जातं. मग हातोडीनं धावेवर जागोजागी ठोकत. आवाज भरीव आला तर ठीक. पोकळ आला तर पुन्हा पाणी.

माझं नाव खुशाल. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं सालदार होतो, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पुढं आदिलाबादच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या. आता घरी असतो. मुकादम पाहिले, मिस्त्री पाहिले. चंपतरावांसारखं काम करणारा दुसरा पाहिला नाही. त्यांची बाजू घ्यायची म्हणून हे लिहीत नाही. पुढं जे झालं ते चांगल्या कामातूनच झालं, म्हणून आधी सांगायला हवं.

गाव पैनगंगेच्या अलीकडं. कापूस आणि ज्वारी. घर एकत्र होतं. थोरले चंपतराव आणि त्यांची बायको विमलबाई. धाकटे सुधाकरराव, त्यांची बायको आशाबाई आणि मुलं. आणि सगळ्यांवर त्यांची माय, सोजरबाई. बाप केव्हाच गेलेला.

त्या घरात एक रीत होती. बंड्या रस्त्याला लागल्या की थोरल्याची बंडी पुढं. धाकट्यानं ती ओलांडायची नाही. ओलांडली तर तो वेगळा निघाला, असं समजायचं. त्यांच्या आज्याच्या वेळी तसं झालं होतं. बाजारातून येताना धाकट्या भावाचे बैल उधळले आणि बंडी पुढं गेली. येत्या पाडव्याला वाटणी झाली. बैल का उधळले हे कोणी विचारलं नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या वैशाखात सोजरबाईचा भाचा मारोतराव घरी आला. त्याचं गाव गुडीहत्नूरवरून इंद्रवेल्लीकडं जाणाऱ्या रस्त्याला, फाट्यापासून अर्धा कोस आत. बसनं आला होता. ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "आत्या, बाबा खाटेवर हायेत. चार दिवस झाले अन्न नाई. तुमचंच नाव घेऊन राह्यले."

त्याचा बाप अमृतराव म्हणजे सोजरबाईचा पाठचा भाऊ. बहीणभावात नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

सोजरबाई ज्वारी निवडत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "नाव घ्याले नऊ वरसं लागले त्याले."

"आता भांडू नका आत्या. चाला माह्यासंग. दुपारची बस हाय."

"बसनं एक डाव आली होती मी. तुह्याच लग्नाले."

मारोतरावानं मान खाली घातली. ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या लग्नाला सोजरबाई एकटी गेली, कारण घरी पेरणीची घाई होती. फाट्यावर उतरली तर घ्यायला कोणी नाही. बोचकं डोक्यावर घेऊन अर्धा कोस उन्हात चालत गेली. मांडवात शिरली तर भावजय, प्रयागबाई, चार बायकांत म्हणाली, "एकटीच आली? लेकायनं बसमंदी बसवून देल्लं वाट्टे." सोजरबाई जेवली नाही. तशीच उलट पावली फाट्यावर आली.

"आता येईन तं तीन बंड्या घेऊन येईन," ती म्हणाली. "दोन्ही लेकं, सुना, नातरं. दारात जागा करून ठेव म्हणा तुह्या मायले."

मारोतरावानं चंपतरावांकडं पाहिलं. "दादा, तुमी तरी सांगा."

चंपतराव म्हणाले, "मायनं शब्द काढला. आता तसंच होईन. पण चाकं सुकून राह्यले. भिजवा लागते. तीन दिवस दे मले."

"तीन दिवस बाबा राह्यतीन का?"

"मंग वाटेत दोन दिवस," चंपतराव म्हणाले. "पाचव्या दिवशी तुह्या दारात."

मारोतराव दुपारच्या बसनं एकटाच गेला.

नाला कोरडा होता. विहिरीच्या तळाला पाणी होतं, पण गावाची पाळी लागायची. पहिल्या दिवशी चंपतरावांनी सुधाकररावांच्या बंडीची चाकं भिजवली, कारण तीत मुलं बसणार होती. दुसऱ्या दिवशी माझ्या बंडीची, कारण तीत बैलांसाठी कडबा आणि सरकीची ढेप, ओझं जास्त. तिसऱ्या दिवशी त्यांची स्वतःची. तोवर विहीर खरवडली गेली होती. दोन चाकांना मिळून बारा घागरी निघाल्या. त्यातही निम्मा गाळ.

मी म्हटलं, "मालक, तुमच्या चाकायले कमी पडलं."

"माही बाभूळ हाय," ते म्हणाले. "धरते."

हातोडीनं ठोकलं. आवाज मधला आला, ना भरीव ना पोकळ. त्यांनी पुन्हा ठोकलं. तोच आवाज. हातोडी ठेवून दिली. अकरा वर्षांत मी त्यांना तसं काम सोडताना तेव्हाच पाहिलं, आणि तेही आपल्या चाकापुरतं.

चौथ्या दिवशी पहाटे निघालो. पुढं चंपतरावांची बंडी, वर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर, आत सोजरबाई आणि विमलबाई. सोजरबाईच्या मांडीवर बोचकं, त्यात भावासाठी कोरं धोतर. मागं सुधाकरराव, आशाबाई आणि मुलं. शेवटी मी. शेवटच्या बंडीवाल्यानं दोन बंड्यांची धूळ खायची असते.

आदिलाबाद दुपारी लागलं. उन्हाळ्यात त्या गावातून दुपारी कोणी जात नाही, पण आम्हाला पलीकडच्या विहिरीवर मुक्काम गाठायचा होता. दुकानांना ओली बारदानं लावलेली. जिनिंगचे दरवाजे बंद. डांबर मऊ झालं होतं आणि बैलांचे खूर त्यात उमटत होते. मुलांनी बर्फाचा गोळा मागितला, आशाबाईनं गप्प केलं. एका पानटपरीवाल्यानं आम्हाला पाहून विचारलं, "कायचं वऱ्हाड हो पाटील? नवरी कोणत्या बंडीत हाय?"

सोजरबाई छपराआडून म्हणाली, "मीच हाय नवरी. माह्येरी चालली."

तो हसला. विमलबाईसुद्धा हसली. त्या दोन दिवसांत सोजरबाईचं मन वर होतं. तीन बंड्या घेऊन दारात कशी उतरणार, ते ती सुनेला वाटेभर सांगत होती. आधी कोण उतरेल, नातवांच्या हातात काय द्यायचं, प्रयागबाईशी आधी बोलायचं की नाही. मग मध्येच विचारायची, "चंपत, पोचतो ना बापा येळेवर?"

"पोचतो माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गुडीहत्नूर लागलं. हमरस्त्यावरचं गाव. ट्रका थांबतात, ड्रायव्हर ट्रकेखाली सावलीत झोपतात. इंद्रवेल्लीचा रस्ता फुटतो तिथं चहाचं हॉटेल, एक कडुलिंब, पाण्याचं बोरिंग आणि लोहाराची भट्टी. इथून अमृतरावांच्या गावचा फाटा पाच कोस. तीन-साडेतीनपर्यंत आरामात पोचलो असतो.

वळणाच्या आधीच मला आवाज आला. चंपतरावांच्या उजव्या चाकाची धाव वाजत होती. मी ओरडायच्या आत त्यांनी कासरा ओढला. बंडी थांबली, आणि थांबताना चाक अर्धं फिरलं, धाव सरकून बाहेर आली आणि रस्त्यावर आडवी झाली. चाक उघडं.

त्यांनी बैल सोडले, दोन्ही बायांना उतरवलं, बंडीला टेकू दिला, चाक काढलं. हे सगळं पंधरा मिनिटांत.

लोहार बाहेर आला. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलला. धाव पाहिली, चाकावर नख दाबून पाहिलं. "पाचर मार देता हूँ पटेल. एक घंटे में निकल जाओगे."

पाचर म्हणजे लाकडाच्या चिपा. धाव आणि चाकाच्या मध्ये ठोकून बसवतात. धाव अडकून राहते.

"पाचर नहीं," चंपतराव म्हणाले.

"पाँच कोस आराम से जाएगा."

"पाँच कोस के बाद?"

"बाद का बाद में देखना."

"पाचर से लकड़ी फटती है. चाक जिंदगीभर का गया. और उतार पे धाव निकली तो बंडी उलटेगी. अंदर मेरी माँ है."

लोहारानं खांदे उडवले आणि आत गेला. चंपतराव खोटं बोलले नव्हते. पाचर मारलेलं चाक उतारावर फुटलेलं मी पाहिलं आहे. पण पाचर मारून पाच कोस सुखरूप गेलेल्या बंड्याही मी पुष्कळ पाहिल्या. त्यांनीही पाहिल्या असतील.

त्यांनी कडुलिंबापासून दहा हातांवर खड्डा खणायला घेतला. वीतभर खोल, चाकाएवढा. मी दुसऱ्या बाजूनं खणलं. त्यात ताडपत्री अंथरली, धाव ठोकून चाकावर बसवली, चाक आडवं ठेवलं, वर बारदान टाकलं. मग पाणी. मी बोरिंगवर गेलो. तिथं बायकांची रांग होती. तिसऱ्या खेपेला एकीनं माझी घागर बाजूला सारली. "मनुषुलकु लेवु, बंडिकि नीळ्ळा?" म्हणजे माणसांना नाही आणि बंडीला पाणी? रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो, प्रत्येक वेळी. त्या दिवशी बासष्ट घागरी आणल्या. तळहाताची सालं निघाली. काम म्हणून त्या दिवसात खोट काढता येणार नाही.

बारा वाजायच्या आत सुधाकरराव आले. त्यांची बंडी जुंपलेलीच होती. म्हणाले, "दादा, मायले मी घेऊन जातो माह्या बंडीत. तुमी चाक झाल्यावर या मागून."

चंपतराव चाकावर वाकलेले होते. वर न पाहता म्हणाले, "जा ना. कोणं अडवलं?"

सुधाकरराव वळले.

"फक्त येवढं ध्यानात ठेव," चंपतराव म्हणाले. "पुढं गेलेली बंडी मंग वेगळ्या गोठ्यात सोडा लागते."

सुधाकरराव उभे राहिले. त्या वर्षी घरात वाटणीची कुजबुज होती, हे खरं. ती त्यांच्या मनातून निघाली होती की आशाबाईच्या, की गावानंच उठवली, मला माहीत नाही. पण त्या दिवशी त्यांच्या मनात माय होती, वाटणी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. ते बंडीकडं गेले आणि त्यांनी बैल सोडले.

आशाबाई म्हणाली, "बैल काऊन सोडले?"

"गप राह्य."

"मी गपच हाय. दोर बैलाच्या गळ्यातला सोडला न तुमी, तुमच्या गळ्यातला तसाच हाय."

सुधाकरराव कडबा काढायला लागले. हे सगळं सोजरबाईनं ऐकलं. ती कडुलिंबाखाली बोचकं घेऊन बसली होती, दहा हातांवर.

एकच्या सुमाराला इंद्रवेल्लीची बस आली. झाडापाशीच थांबली. चार माणसं उतरली, सहा चढली. सोजरबाई उठली. बोचकं काखेत मारलं आणि दारापाशी जाऊन दांडा धरला. दांडा तापलेला असणार, तिनं पदर मध्ये घेतला. कंडक्टर म्हणाला, "एक्कम्मा, एक्कु." चढ माय, चढ.

तिनं एक पाय पायरीवर ठेवला आणि मागं पाहिलं. चंपतरावांकडं.

त्या वेळी मला कळलं नाही, नंतर विचार करून कळलं. एकटी, बोचकं घेऊन, बसमधून उतरणं तिला मरणासारखं होतं. तरी ती जायला तयार झाली होती. फक्त कोणीतरी म्हणायला हवं होतं, माय, तू हो पुढं. लेकानं सांगितलं म्हणून आले, एवढं तिला प्रयागबाईला सांगता आलं असतं. शब्द तिचाच होता, पण तो मोडायची मुभा थोरल्यानं द्यायची होती.

चंपतरावांनी तिला पाहिलं. मी त्यांच्या शेजारी रिकामी घागर घेऊन उभा होतो, म्हणून मला नक्की माहीत आहे. त्यांनी पाहिलं, पापणी मिटली नाही, आणि मला म्हणाले, "खुशाल, पाणी आन."

मी गेलो. मीही काही म्हणालो नाही. सालदारानं बोलायचं नसतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

बोरिंगवरून वळून पाहिलं तेव्हा बस गेली होती आणि सोजरबाई पुन्हा झाडाखाली बसली होती. तोंड इंद्रवेल्लीच्या रस्त्याकडं. विमलबाईनं तिला भाकरी दिली. तिनं ती मुलांना वाटून टाकली. त्यानंतर तिनं पोचतो ना, असं विचारलं नाही.

ऊन उतरायच्या वेळी चंपतरावांनी बारदान काढलं. हातोडी घेतली आणि धावेवर ठोकत चाकाभोवती पूर्ण फेरी मारली. आवाज सगळीकडं भरीव. एकसारखा. लोहार पुन्हा बाहेर आला, त्यानंही ठोकून पाहिलं आणि मान हलवली. "पक्का. ऐसा कोई नहीं करता अब."

चंपतरावांच्या तोंडावर समाधान आलं. मी ते पाहिलं. त्यांनी मायकडं वळून सांगितलं, "झालं माय. आता वाटेत रान हाय, अंधारात बाया-लेकरं घेऊन नाई जात. फटफटलं की निघू."

ती म्हणाली, "तुही मर्जी."

पहाटे निघालो. चाक कुठंच वाजलं नाही. उतारावरसुद्धा नाही. दहा वाजता फाट्यावरून आत वळलो आणि अर्ध्या तासात गावात शिरलो. पुढं चंपतराव, मागं सुधाकरराव, शेवटी मी. जसं ठरलं होतं तसंच. बायका दारात येऊन पाहायला लागल्या. सोजरबाईनं पदर नीट केला.

मारोतराव घरातून बाहेर आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

बैल आपोआप थांबले, का कोणी कासरा ओढला, आठवत नाही. मारोतराव बंडीजवळ आला आणि सोजरबाईला हात देऊन उतरवलं. म्हणाला, "आत्या, काल दुपारच्या बसले मी फाट्यावर होतो. मले वाटलं, बाबाचं आयकून तुमी बसनंच येसान. आंदर चढून पाह्यलं. एकेक सीट पाह्यली."

सोजरबाईनं बंडीतून बोचकं ओढून घेतलं.

"चार वाजता गेले. खाट दाराकडं तोंड करून ठेवाले लावली होती त्यायनं. मंग दिवस बुडूस्तोर थांबलो आमी. लोकं म्हणले, उन्हाळा हाय, ठेवता येत नाई."

प्रयागबाई बाहेर आली. तिनं तीन बंड्यांकडं पाहिलं, बैलांकडं, सुनांकडं, मुलांकडं. मला वाटलं, आता ही काहीतरी म्हणेल. ती नुसती सोजरबाईच्या गळ्यात पडली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आत भिंतीपाशी पिठावर दिवा तेवत होता. सोजरबाईनं बोचकं सोडलं आणि कोरं धोतर दिव्याजवळ ठेवलं. रडली नाही. बराच वेळ बसली. मग चंपतराव आत आले आणि उंबऱ्यापाशी उभे राहिले. तिनं मान वर केली.

"चाक चांगलं झालं का?"

चंपतराव म्हणाले, "व्हय माय."

"बरं झालं."

या गोष्टीवर त्या दोघांत झालेलं बोलणं एवढंच. पुढं नऊ वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि तिनंही नाही.

राख सावडून झाल्यावर आम्ही परत निघालो. बंड्या जुंपल्या. विमलबाईनं सासूसाठी गोधडी अंथरली. सोजरबाई बंडीजवळून गेली आणि चालायला लागली. वाटलं, थोडं चालेल. ती फाट्यापर्यंत चालत गेली, बस आली तशी चढली. कोणाकडं वळून पाहिलं नाही. आशाबाई धावत जाऊन तिच्यासोबत चढली, म्हणून बरं.

त्यानंतर सोजरबाई बंडीत बसली नाही. शेतात चालत. आठवडी बाजाराला दीड कोस चालत. नातीच्या लग्नाला शेजारच्या गावी, तेही चालत. सत्तरीची बाई. चंपतराव पहिल्या बाजाराला बंडी घेऊन तिच्यापाशी थांबले, म्हणाले, "बस माय." ती चालत राहिली. त्यांनी बैल तिच्या मागं घातले. पुढं नाही, मागं. आत गोधडी अंथरलेली, छपराचा तट्ट्या बांधलेला, आणि बंडी रिकामी. दर बाजारी असंच. ती थांबली की बंडी थांबायची. ती झाडाखाली टेकली की चंपतराव खाली उतरून बैलांपाशी उभे राहायचे. त्यांनी एकदाही तिला ओलांडलं नाही.

लोक आधी हसले. "चंपतराव, बुढीची बारात काढली का?" दोन-चार महिन्यांत लोकांचं हसू थांबलं. पुढं पुढं तर ती दोघं येताना दिसली की ओट्यावरची माणसं विषय बदलत, किंवा उठून घरात जात.

हे काम सोपं नव्हतं. बैलाला पळवणं कोणालाही येतं. म्हाताऱ्या माणसाच्या पावलानं, दीड कोस, उन्हात, बैल चालवायचा म्हणजे हाताचे सांधे दुखतात. कासरा सतत आवळून धरावा लागतो, आणि इतका आवळायचा नाही की बैल थांबेल. चंपतरावांनी ते नऊ वर्षं केलं. जोडी म्हातारी झाली तेव्हा नवी आणली आणि तिलाही तीच चाल शिकवली. बैल हाकायची टोकदार तुतारी कधी टोचली नाही.

घर अठ्ठ्याऐंशीत वेगळं झालंच. भांडण झालं नाही. एका सकाळी चंपतरावांनी आपली बंडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि सुधाकररावांना म्हणाले, "जा पुढं." सुधाकरराव म्हणाले, "दादा, असं काऊन म्हणता?" ते म्हणाले, "तवाच म्हणाले पाह्यजे होतं." सुधाकररावांनी डोळे पुसले आणि बंडी पुढं काढली. अर्धं शेत गेल्यावर सालदाराची गरज राहिली नाही. मी आदिलाबादला जिनिंगमध्ये लागलो.

सोजरबाई त्र्याण्णवच्या थंडीत गेली. घरीच, झोपेत. मला उशिरा कळलं.

चंपतरावांना मी शेवटचं पाहिलं शहाण्णव साली. उन्हाळाच होता. मी गावी बहिणीकडं गेलो होतो आणि सकाळी बसच्या रस्त्यावर चालत येत होतो, कारण दुपारच्या पाळीला पोचायचं होतं. पुढं एक बंडी चालली होती. छपराचा तट्ट्या, मागून आत अंथरलेली गोधडी दिसत होती. आत कोणी नव्हतं. मी पायी, आणि थोड्याच वेळात बंडीच्या बरोबरीला आलो.

"राम राम मालक."

"खुशाल? कवा आला?" ते थकले होते. दात गेले होते. कासरा मांडीवर सैल पडला होता.

मी काही वेळ बंडीच्या बाजूनं चाललो. मला सारखं पाऊल आखडावं लागत होतं. म्हटलं, "बैल आजारी हायेत का?"

"नाई. याच चालीनं चालते. दुसरी येत नाई त्यायले."

"बुढीले जाऊन तीन वरसं झाली मालक. हाकून पाह्यलं नाई का?"

"त्यायचा काय कसूर," ते म्हणाले. "शिकवलं तसं चालते. तू जाय पुढं. तुले पाळी हाय ना."

मी पुढं गेलो. पाळी चुकवून चालणार नव्हतं. बराच वेळ मागून चाकाचा आवाज येत राहिला, आणि मी सवयीनं कान देऊन ऐकला. धाव कुठंच वाजत नव्हती.